प्रार्थना आणि हजेरी

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून पुष्कळ मुलें व मुली आतां नांदेड व लातूर येथें उच्च शिक्षणासाठीं जातात, ही देवाचे आभार मानण्याजोगी गोष्ट होय. परंतु मूल वसतिगृहांत राहूं लागलें म्हणजे एक प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो, व सुटींत तें तो प्रश्न घरीं घेऊन येतें. विद्यालयांत गणपति बसतो, दसऱ्यास सरस्वतीपूजन होतें, कोठें इफ्तारीचें बोलावणें असतें, कोठें गुरुपर्वाचा लंगर असतो. अशा वेळीं ख्रिस्ती मुलानें काय करावें? आणि विद्यालयानें तरी काय करावें? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आपण फारसा करीत नाहीं. पण पहिल्याचें उत्तर दुसऱ्यांतच आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत नांदेड जिल्ह्यांतील एका खेड्याचे प्रचारक सकाळच्या एस. टी. नें आमच्याकडे आले. चहा पुढें ठेविला तरी त्यांनीं कपास हात लाविला नाहीं. त्यांची कन्या लातुरास विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षास आहे. तिच्या वसतिगृहांत गणपति बसला होता, आणि दररोज सायंकाळीं कोणत्या खोलीनें आरती करावयाची ह्याची यादी फळ्यावर लागली होती. तिच्या खोलीची पाळी रविवारीं होती. पाळी चुकविणाऱ्या मुलीचें नांव रेक्टरबाईंकडे जात असे. "पाळकसाहेब, पोरीनें काय करावें तें तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "नाहीं तर मी तिला घरीं घेऊन येतों. शिक्षण राहिलें तर राहिलें. आत्मा जाऊं नये."

आमच्या तोंडून एकदम उत्तर निघालें नाहीं. कारण तसलीच एक यादी आम्हीं पूर्वीं पाहिली होती, आणि ती आमच्याच हातची होती.

सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडल्यावर आम्ही मुलांच्या एका वसतिगृहाचें काम पाहत होतों. तेथें आपल्या मंडळीच्या मुलांबरोबर इतर धर्मांचींही मुलें राहत. सायंप्रार्थनेस सर्वांनीं यावें असा नियम होता, आणि जेवणाची घंटा प्रार्थनेनंतर होत असे. आम्ही हजेरी घेत असूं. किनवट तालुक्यांतील एका तांड्यावरचा बंजारा मुलगा तेथें होता. अभ्यासांत हुशार, स्वभावानें अबोल. तो प्रार्थनेस येई, पण डोळे मिटीत नसे व गीत म्हणत नसे. एके दिवशीं आम्हीं त्यास सर्वांदेखत बोल लाविला, आणि इतरांचें जेवण होईपर्यंत बाहेर उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. आठ दिवसांनीं त्याचा बाप आला, पेटी उचलली व मुलास घेऊन गेला. त्याची शाळा तेथेंच संपली.

पुढें पुष्कळ वर्षांनीं नांदेडच्या बसस्थानकावर एका मनुष्यानें आम्हांस ओळखून नमस्कार केला. तोच तो. त्यानें आग्रहानें चहा पाजला व पैसेही त्यानेंच दिले. आम्हीं त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली, तेव्हां तो इतकेंच म्हणाला, "प्रार्थना वाईट नव्हती, पाळकसाहेब. हजेरी वाईट होती."

प्रचारकबंधु समोर बसले असतां तें वाक्य आम्हांस आठवलें. आतां हजेरी दुसऱ्याच्या हातीं होती व मूल आमचें होतें. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें वागणुकीचें जें माप घालून दिलें आहे, तें दोन्ही बाजूंनीं सारखेंच लागतें. आपल्या मुलीवर आरतीची सक्ति नको असेल, तर दुसऱ्याच्या मुलावर आपल्या प्रार्थनेची सक्तिही चालणार नाहीं.

हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. पंडिता रमाबाई ह्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, व पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. बाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला होता. पण सदनांतील विधवांस आपापला धर्माचार पाळण्याची पूर्ण मोकळीक राहील, असें ठरलेलें होतें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे सदनाच्या सल्लागार मंडळांत होते. बाई आपल्या खोलींत आपल्या लहान मुलीसह प्रार्थना करीत व दार उघडें ठेवीत. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. गांवांत बोभाटा झाला, 'केसरी'नें कडक टीका केली, आणि १८९३ सालीं रानडे व भांडारकर ह्यांनीं सदनांतून अंग काढून घेतलें. पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या.

आपल्या लोकांत ही गोष्ट सांगतांना बाईंचीच बाजू सांगण्याची रीत आहे, आणि बाईंनीं हजेरी घेतली नव्हती हें खरेंही आहे. त्याच सदनांतील गोदूबाई ह्या १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या व अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. तथापि रानडे व भांडारकर हेही बाईंचे वैरी नव्हते. विधवांच्या शिक्षणासाठीं ते तिच्या पाठीशीं उभे राहिले होते. त्यांच्या हरकतींतही विचार करण्याजोगा एक अंश आहे. जिच्या हातीं मुलीचें अन्न, वस्त्र व निवारा आहे, तिचें उघडें दार हें शेजारणीच्या उघड्या दारासारखें नसतें. मोठ्याच्या हातीं अधिकार असला म्हणजे त्याची नुसती इच्छाही लहानास आज्ञेसारखी वाटते. म्हणून ज्याच्या हातीं अधिकार आहे त्यानें आपली इच्छा दुप्पट जपून बोलावी, हा धडा आम्ही त्या प्रकरणांतून घेतों.

दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या अगदीं जवळची आहे. १९३८ सालीं नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाखालीं होतें. ह्या दोन्ही ठिकाणच्या वसतिगृहांतील हिंदु विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणत. अधिकाऱ्यांनीं त्यास मनाई केली. विद्यार्थी ऐकेनात, नोव्हेंबर महिन्यांत औरंगाबादेस संप झाला, तो हैदराबादेस व इतरत्र पसरला, आणि शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आपल्याकडे घेतलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या चळवळींतले होते. त्याच हंगामांत संस्थानांत झालेल्या सत्याग्रहांत स्वामी रामानंद तीर्थ हेही होते. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली ह्या जिल्ह्यांसाठीं १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेडास स्थापन झालेलें विद्यापीठ आज त्या संन्याशाचेंच नांव धारण करून आहे.

ही हकीकत आम्ही कोणत्याही समाजाविषयीं मनांत अढी उत्पन्न करण्यासाठीं सांगत नाहीं. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच, कीं प्रार्थनेच्या बाबतींत अधिकारी दोन प्रकारें चुकतात. एक प्रार्थना करावयास लावून, व दुसरा प्रार्थना करूं न देऊन. आमची हजेरी व निजामशाहींतील मनाई ह्या दिसावयास एकमेकींच्या उलट. पण मुळाशीं दोन्ही एकच. दोहोंतही मनुष्याच्या अंतःकरणावर बाहेरून कुलूप घातलें जातें.

ह्यास्तव २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेनें जी व्यवस्था केली आहे, ती आमच्या प्रत्येक प्रचारकानें समजून घ्यावी. अनुच्छेद २८ असें सांगतो, कीं जी शिक्षणसंस्था सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तींत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. जी संस्था सरकारमान्य आहे किंवा सरकारची मदत घेते, तिच्यांतील कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या संमतीवांचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसवितां येत नाहीं. आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमति लागते. हा नियम लातूरच्या वसतिगृहांतील आमच्या मुलीचें रक्षण करितो. पण मिशनच्या मदत घेणाऱ्या शाळेंतील परधर्मी मुलाचेंही तोच रक्षण करितो, हें विसरूं नये. ढाल एकच आहे. आपल्या बाजूनें ती धरावयाची व दुसऱ्याच्या बाजूनें टाकावयाची, असें होणार नाहीं.

सरकारी पैशाच्या शाळेंत धर्मांविषयीं कांहीं बोलूंच नये, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. निरनिराळ्या धर्मांची माहिती देणें व त्यांतील नीतीचीं तत्त्वें शिकविणें हें निराळें, आणि उपासना करविणें हें निराळें, असा भेद सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं मान्य केला आहे. त्याच न्यायालयाचा १९८६ सालचा आणखी एक निवाडा सांगण्याजोगा आहे. केरळांतील यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथाचीं तीन मुलें शाळेंत राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, परंतु आपल्या श्रद्धेमुळें तें म्हणत नसत. १९८५ सालीं त्यांस शाळेंतून काढलें. न्यायालयानें ठरविलें, कीं आदरानें उभें राहणाऱ्यानें अपमान केला असें होत नाहीं, व मुलांस परत घ्यावें. तो पंथ व आपण ह्यांच्या समजुतींत पुष्कळ अंतर आहे. पण आदर दाखविणें व उपासना करणें ह्यांमधील जी रेघ त्या मुलांनीं पाळली, ती आमच्या मुलांसही उपयोगी पडेल.

सण पाळण्याचे तीन प्रकार आम्हांस दिसतात. पहिला ओळखीचा: हा सण कोणाचा, कशाचा, हें सांगणें व ऐकणें. दुसरा सोबतीचा: सोबत्याच्या आनंदाच्या दिवशीं त्याच्या जवळ असणें, सभागृह झाडणें, पानें वाढणें, मुबारक म्हणणें. तिसरा उपासनेचा. पहिले दोन विद्यालयानें खुशाल सर्वांसाठीं करावे, आणि आमच्या मुलांनीं त्यांत मागें राहूं नये. तिसरा मात्र ज्याचा त्यानें आपल्या इच्छेनें करावा. जेथें पहिल्या दोहोंचें नांव सांगून तिसरा गळ्यांत घातला जातो, तेथें नम्रपणें थांबावें.

प्रसादाविषयीं पुष्कळ विचारतात. प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा व दहावा हे अध्याय त्यांनीं शांतपणें वाचावे. तेथें पौल अन्नास भीत नाहीं, व बाजारांतून आणलेल्या प्रत्येक घांसाची चौकशी करीत बसूं नका, असेंच शिकवितो. पण हें मूर्तीस वाहिलेलें आहे असें कोणी सांगून दिलें, तर विवेकासाठीं तें घेऊं नये, असेंही तो म्हणतो. तेव्हां हात जोडून, हसतमुखानें, 'मला क्षमा करा' म्हणावें; तोंड वांकडें करूं नये. आणि आपल्या नाताळाचा केक एखाद्यानें घेतला नाहीं, तर त्यानें आपला अपमान केला असें आपणही मानूं नये.

तसेंच जें मूल भीतीनें किंवा एकटेपणानें आरतीस उभें राहिलें असेल, त्याच्यावर प्रचारकांनीं तुटून पडूं नये. अरामी सेनापति नामान ह्यानें, धन्याबरोबर रिम्मोनाच्या मंदिरांत आपणांस वांकावें लागेल, ह्याबद्दल आधींच क्षमा मागितली, तेव्हां अलीशानें त्यास शाप दिला नाहीं. शांतीनें वाटेस लाविलें. त्या संदेष्ट्याहून आपण अधिक कडक होण्याचें कारण नाहीं.

आतां कोणी म्हणेल, विद्यालयानें सर्वच सण बंद करावे, म्हणजे तंटा मिटेल. आम्हांस तें पटत नाहीं. नांदेड हें गुरु गोविंदसिंहांच्या अखेरच्या दिवसांचें, १७०८ सालापासून शिखांस परम पवित्र असें स्थान. त्याच जिल्ह्यांत माहूरचा गड व कंधारचा दर्गा. लातुरास सिद्धेश्वराचें देऊळ व सुरतशहावलींचा दर्गा एकाच गांवांत आहेत. बौद्ध बांधवांची वस्ती दोन्हीकडे मोठी, आणि बसवेश्वरांस मानणारे लिंगायतही पुष्कळ. अशा मुलखांतील मुलांनीं चार वर्षें एकत्र शिकून एकमेकांच्या घरांत काय चालतें हें जाणूंच नये, ही विद्या कसली? शिवाय सण काढून टाकले तरी थोरल्या समाजाच्या चालीरीति मागल्या दारानें राहतातच. नाहींसे होतात ते थोडक्यांचे. उघडपणें सर्वांचे पाळावे, आणि कोणावर पाळी लावूं नये, हाच मार्ग बरा.

परदेशांतील विद्यापीठांत ह्या कामासाठीं चॅपलेन नांवाचा धर्मसेवक असतो. हा शब्द कोठून आला तें ऐकण्यासारखें आहे. चवथ्या शतकांत मार्टिन नांवाचा एक रोमी शिपाई होता. हिंवाळ्यांत आमियां शहराच्या वेशीपाशीं त्यास एक उघडा भिकारी भेटला. मार्टिनानें तलवारीनें आपली शाल दुभागली व अर्धी त्यास पांघरली, अशी परंपरागत कथा आहे. पुढें तो प्रसिद्ध धर्माध्यक्ष झाला, व त्या शालीचा राहिलेला भाग फ्रान्सच्या राजांनीं जपून ठेविला. लहान शालीस लॅटिनांत 'कापेल्ला' म्हणत. ती ठेवण्याची जागा ती चॅपेल, व तिचे राखणदार ते चॅपलेन. ध्यानांत घ्या, कीं मार्टिनाचा त्या वेळीं बाप्तिस्माही झाला नव्हता, व भिकाऱ्याचा धर्म त्यानें विचारिला नव्हता.

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठांत चॅपेलमध्यें विद्यार्थ्यांनीं गेलेंच पाहिजे असा नियम होता. १८८६ सालीं त्यांनीं तो काढून टाकला. आज तेथें व इंग्लंडांतील पुष्कळ विद्यापीठांत निरनिराळ्या धर्मांचे चॅपलेन एकत्र काम करितात. लातूरचा एखादा हिंदु मुलगा तेथें गेला, तर दिवाळीस त्याच्यासाठीं दिवा लावण्याची सोय होते. आपल्या भारतीय सैन्यांतही पंडित, मौलवी, ग्रंथी व पाद्री असे धर्मशिक्षक असतात. आमच्या बाजूच्या विद्यालयांत अशी नेमणूक सहसा दिसत नाहीं. परंतु शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनीं समुपदेशक नेमावा, असें सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें सांगितलें आहे. लातुरास परीक्षांच्या तयारीसाठीं दूरदूरच्या गांवांहून आलेलीं हजारों मुलें राहतात. त्यांच्या मनावरील ओझें कोणींतरी विचारणें अगत्याचें आहे. आमचे पाळक व प्रचारक प्राचार्यांची परवानगी घेऊन महिन्यांतून एकदां आपल्या मुलांस भेटतील, आणि शेजारचें मूल कोणत्याही धर्माचें असो, तें आजारी असेल तर त्याच्याही खाटेपाशीं बसतील, तर अर्ध्या शालीचें काम होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति बोळवून लोक निजले असतां, किल्लारीस भूकंप झाला व हजारों माणसें दगडामातीखालीं गेलीं. त्या दिवसांत जे घोंगड्या व भाकरी घेऊन धांवले, त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. ज्यांनीं ते दिवस पाहिले त्यांस सेवेंत हजेरी कां नसते हें सांगावें लागत नाहीं.

पण मग सुवार्तेचें काय, असें आमचे कांहीं बंधु विचारतील. सर्व मार्ग सारखेच आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ख्रिस्तावांचून आम्हांस दुसरा तारणारा नाहीं. म्हणूनच आम्ही सक्ति टाकावयास सांगतों. प्रभु दाराशीं उभा राहून ठोकतो. दार मोडीत नाहीं. त्या बंजारा मुलास आम्हीं बाहेर उभें केलें, तेव्हां त्याच्या मनाचें दार आम्हींच आंतून लावून घेतलें.

प्रचारकबंधूंस आम्हीं सांगितलें, "मुलीस घरीं आणूं नका. तिनें स्वतः रेक्टरबाईंकडे जावें, व कोणाची तक्रार न करितां आपलें मन सांगावें." ती गेली. "बाई, मी सभागृह झाडीन, जेवणाचीं पानें वाढीन, पण आरती माझ्यानें होणार नाहीं," असें ती म्हणाली. बाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अग, मग आधींच कां नाहीं सांगितलेंस?" त्यांनीं फळा पुसला, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनीं यावें, एवढेंच लिहिलें. त्या रात्रीं शेजारच्या खोलींतील एक बौद्ध मुलगी हिच्याजवळ येऊन रडली. डॉक्टर आंबेडकरांनीं ऑक्टोबर १९५६ मध्यें नागपुरांत ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गणपतीची उपासना न करण्याचीही एक आहे, व तिच्या घरीं त्या पाळतात. इतके दिवस ती भीतीनें बोललीच नव्हती. आणि आरतीस मुली कमी झाल्या काय? नाहीं. ज्यांस यावयाचें होतें त्या मोकळ्या मनानें आल्या.

डिसेंबरांत बाईंनीं आमच्या मुलीस नाताळाविषयीं चार शब्द सांगावयास लाविलें. तिनें कागदाची चांदणी टांगली व गव्हाणींतील बालकाची गोष्ट सांगितली. सभागृहांत बऱ्याच मुली बसल्या होत्या. त्या किती होत्या, हें कोणीं मोजलें नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीच्या शाळांत किंवा वसतिगृहांत अजून कोठें प्रार्थनेची हजेरी घेत असतील, तर ती वही प्रथम आपणच बंद करावी. मग दुसऱ्याच्या फळ्यावरील यादी पुसून टाका असें सांगण्यास आपलें तोंड मोकळें होईल.